सासऱ्यांचा ट्रक, प्रमाण एकास चौदा

मारलेनचं तोंड त्याच्या डोक्याच्या आधी सुटलं, एवढीच काय ती त्याची चूक. पुढचं सगळं बाकीच्यांनी केलं आणि तेही निव्वळ प्रेमापोटी.

काब्दोल्ला म्हाताऱ्यांना येत्या उन्हाळ्यात ऐंशी पुरी होणार होती. त्याची बोलणी करायला सगळं खानदान त्यांच्या घरी जेवणाच्या दस्तरखानाभोवती जमलं होतं. कोण काय देणार याचा हिशेब चालला होता. असा हिशेब तोंडी असतो, पण पुढची वीस वर्षं तो कुणी विसरत नाही. थोरले जावई ओरिनबासार मानाच्या जागेपासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी सावकाश चहा संपवला, मिशा पुसल्या आणि आपण घोडा देणार असल्याचं जाहीर केलं. तीन वर्षांचा, तांबूस, कपाळावर चांदणी. बायकांनी तोंडात बोटं घातली, पुरुषांनी माना हलवल्या. ओरिनबासारनी नम्रपणे आणखी एक तळलेलं बाउरसाक उचललं.

मग आत्याबाईंनी, म्हणजे काब्दोल्लांच्या धाकट्या बहिणीने, बीबीजमालने, दाराकडे बघून विचारलं, “आणि आमचा जावईबाळ काय देणार?”

जावईबाळ म्हणजे मारलेन. वय वर्षं बावन्न. दाराजवळची, चहाच्या समोवाराशेजारची जागा त्याची. गावच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नळांचे नकाशे काढतो. जमिनीखालचा प्रत्येक वाकडा पाइप त्याला तोंडपाठ आहे, पण सासुरवाडीत त्याची ख्याती वेगळी. तिथे तो खिळा ठोकायला गेला आणि भिंत घेऊन परतला, असं सांगतात. बकरं कापायच्या वेळी तो लिंबाचा रस हुंगत बसतो, असंही सांगतात. दुसरी गोष्ट खोटी आहे. तो व्हिनेगर असतो.

घोंगडी, असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं. चांगली, उंटाच्या लोकरीची घोंगडी. पण दाराजवळ बसण्याचा एक फायदा असतो. समोरच्या भिंतीवर टांगलेला फोटो फक्त तिथूनच दिसतो, बाकी सगळ्यांची त्याच्याकडे पाठ असते. फोटोत विशीतले काब्दोल्ला सैन्याच्या ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे आहेत. टोपी तिरपी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू घाटातला रस्ता त्यांनीच बांधलाय. हे हसू लग्नापासून आजवर मारलेनने फोटोबाहेर पाहिलं नव्हतं.

“मी अतांचा ट्रक देणार आहे,” मारलेन सासऱ्यांकडे हात करून म्हणाला. “हा फोटोतला. लहान करून. नखशिखांत हाताने घडवून.”

ओरिनबासारचं बाउरसाक वाटेत थांबलं. तेवढ्यात सर्वांत वयस्कर पाहुण्यांना ही कल्पना फार आवडली, की त्यांना ऐकूच कमी आलं होतं, देव जाणे. त्यांनी दोन्ही तळवे वर केले आणि बाता, म्हणजे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, देऊन टाकला: हाताला यश येवो, चाक फिरतं राहो. सगळ्यांनी तळवे उघडले, चेहऱ्यावरून फिरवले, आणि संपलं. नोकरीचा राजीनामा देता येतो. बाता मिळालेल्या कामाचा देता येत नाही.

खुद्द काब्दोल्ला काय म्हणाले? ते म्हणाले, “चहा घे.” धाकट्या जावयाशी त्यांची एवढीच बोलणी असत. आल्यावर ‘चहा घे’ आणि जाताना ‘दार लावून घे’. माणूस वाईट नव्हता. पण हाताने काही करता न येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे त्यांना खरोखरच सुचत नसे.

परतताना रौशन, त्याची बायको, बसथांब्यापर्यंत भरभर पुढे चालत गेली. तिथे पोचल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, “तुला ट्रक बनवता येतो?”

“नाही.”

“हसतील म्हणून नाही म्हणत मी. माझे वडील कुणाला हसत नाहीत, मारलेन. ते नुसते बघतात.”

मारलेनला ते बघणं ठाऊक होतं. एकदा तरी त्या बघण्यातून पुढे एखादं वाक्य यावं, दाराविषयीचं नव्हे, कामाविषयीचं. त्याला दुसरं काही नको होतं. घोंगडी देऊन ते मिळालं नसतं.

कामाची सुरुवात फार शास्त्रशुद्ध झाली. कचेरीच्या अडगळीतून त्याने जुन्या प्लास्टिकच्या पाट्या मिळवल्या. त्यांच्यावर नागरिकांना पाणी जपून वापरायची विनंती होती. पाटी सुरीने रेघ ओढून वाकवली की कडकन सरळ तुटते, नकाशे काढणाऱ्या हाताला हे काम लोण्यासारखं जमलं. स्वयंपाकघराचं टेबल रौशनने ‘चार दिवसांसाठी’ दिलं. ते टेबल तिला परत मिळालं तेव्हा झाडांना जर्दाळू लागले होते.

ट्रक मुळात वीतभर करायचा बेत होता. तो बेत डिंकाच्या वासाने मोडला. वास खाली गेला आणि वासामागून तिमोफेइच वर आले. खालच्या मजल्यावरचे हे गृहस्थ उभं आयुष्य लष्करी गाड्या चालवून निवृत्त झाले होते. आले होते भांडायला. टेबलावरचा अर्धा सांगाडा बघून त्यांनी खुर्ची ओढली. तासाभराने रौशनने त्यांना सूप वाढलं, कारण ते जाण्याचं चिन्ह नव्हतं.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की वीतभर ट्रक ऐंशीच्या माणसाला दिसणार कसा? त्याला वाटेल, साबणाची वडी आणली. दुसरं म्हणणं चाकांबद्दल. चाकं प्लास्टिकची नकोत, रबराचीच हवीत. तिमोफेइच अजून म्हाताऱ्यांच्या आइस हॉकीत गोल राखत. ते खाली जाऊन त्या हॉकीत चेंडूऐवजी असतात तसल्या पिशवीभर काळ्या रबरी चकत्या घेऊन आले. चकती ट्रकच्या चाकाएवढी धरली तर ट्रक केवढा होईल, याचं गणित मारलेनने मांडलं. उत्तर आलं, एकास चौदा. जगात सगळीकडे आधी प्रमाण ठरतं आणि मग चाकं होतात. इथे हॉकीने प्रमाण ठरवलं. बनवलेला सांगाडा रद्दीत गेला. नवा ट्रक कोपरापासून बोटांपर्यंत लांब होणार होता.

त्या चकत्यांवर खाचा कोरताना मारलेनने दोन करवती, एक अंगठा आणि रौशनचा ब्रेड कापायचा सुरा खर्ची घातला. रबर तसूभर हललं नाही. शेवटी चकत्या उकळून काढल्या. रात्रीचं जेवण दोन दिवस टायरच्या वासाचं झालं, पण खाचा पडल्या.

एव्हाना इमारतीच्या सामाईक अंगणात बातमी फिरली होती. आमच्या गावात पन्नाशीपुढच्या कुठल्याही पुरुषाला दगड मारा, तो सैन्यात ट्रक चालवलेला निघेल, आणि दगड मारल्याचं विसरून तुम्हाला ट्रकविषयी सांगत बसेल. प्रत्येकाची आठवण पक्की होती आणि कुठलीही दुसरीशी जुळत नव्हती. मुख्य वाद स्टेपनीचा. तिमोफेइचच्या मते जादा चाक केबिनच्या मागे उभं असायचं. बॉयलर सांभाळणाऱ्या नुरपेइसचं म्हणणं, हौद्याखाली आडवं. दोघांनी एकमेकांची देशसेवा काढली. हळूहळू अंगणात ‘मागचे’ आणि ‘खालचे’ असे दोन पक्ष पडले आणि बाकांची वाटणी झाली. रौशन भाजी आणायला निघाली की दोन्ही पक्ष तिच्याकडे आशेने बघत, जणू स्टेपनी तिच्या पिशवीत आहे.

मारलेनने सरळ सासऱ्यांना विचारायचं ठरवलं. रविवारी गेला. अता, तुमच्या ट्रकची स्टेपनी कुठे असायची? काब्दोल्लांनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ हललेसुद्धा. मग म्हणाले, “चहा घे.”

तेव्हा उरला एकच साक्षीदार: वेशीवरचा ट्रक. गावात शिरताना, पेट्रोल पंपासमोर, चौथऱ्यावर तसलाच एक ट्रक स्मारक म्हणून उभा आहे. मारलेन टेप, वही आणि बॅटरी घेऊन गेला आणि त्याच्याखाली शिरला. चष्मेवाला इसम लष्करी वाहनाखाली झोपून मापं लिहितोय, हे पंपावरच्या बाईंनी पाहिलं आणि नागरिकाचं कर्तव्य बजावलं. आलेला पोलीस सभ्य होता. त्याने मारलेनला पायांना धरून नव्हे, तर विनंती करून बाहेर काढलं. परवानगी आणा, मग हवं तर वर चढून झोपा, असं त्याचं म्हणणं पडलं.

परवानगी कोण देतं? सांस्कृतिक विभागाच्या बाईंनी सांगितलं की चौथरा आमचा, त्यावरचा ट्रक म्हणजे वाहन, वाहतूकवाल्यांकडे जा. वाहतूकवाल्यांनी सांगितलं की ज्याला इंजिन नाही ते वाहन नव्हे, ते शिल्प, संस्कृतीकडे जा. मारलेनने दोन्ही खात्यांमध्ये इतक्या खेपा घातल्या की दोन्हीकडचे शिपाई त्याला आपला माणूस समजून फायली देऊ लागले. त्यानेही त्या पोचवल्या. त्यातली एक फाइल बरीच वर्षं अडून होती म्हणे, तिचं काम झालं. त्याचं नाही झालं.

शेवटी तो सैन्यभरतीच्या कचेरीतल्या कॅप्टनसमोर उभा राहिला. कॅप्टन तरुण होता आणि आवाजाने खडा. लष्करी सामग्रीची मापं कशाला हवीत? मारलेनने खरं ते सांगितलं: सासऱ्यांसाठी. थोरल्या साडूने घोडा देऊ केलाय, हेही सांगितलं. कॅप्टनने पेन खाली ठेवलं. त्यालाही सासरे असावेत आणि साडूही.

“मापायची परवानगी कोण देतं ते मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “पण त्या ट्रकचा रंग उडालाय म्हणून मला वरून पत्रांवर पत्रं येतायत. रंगवायची परवानगी मी देऊ शकतो. रंगवताना माणूस सगळीकडे हात लावतो. एखाद्याच्या हातात टेप असला तर तो कोण बघतंय?”

अशा रीतीने एकास चौदा ट्रकसाठी मारलेनच्या गळ्यात एकास एक ट्रक पडला.

शनिवारी अख्खं अंगण श्रमदानाला लोटलं. मागचे आणि खालचे दोन्ही पक्ष आपापले ब्रश घेऊन आले, कारण आज निकाल लागणार होता. तिमोफेइच सगळ्यांच्या आधी चौथऱ्यावर चढले, केबिनमागे बघितलं आणि बसकण मारली. तिथे काही नव्हतं. नुरपेइस हौद्याखाली शिरले आणि डोकं खाजवत बाहेर आले. तिथेही काही नव्हतं. स्टेपनी कधीच कुणीतरी नेली होती आणि जिथे ती बसवायची ती लोखंडी चौकटही सोबत नेली होती. दोन्ही पक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि वाद पुढे चालू ठेवला.

पण मापं मिळाली. बॉनेटचा उतार, मडगार्डाची गोलाई, पायरीच्या कडेची पट्टी. मारलेन दिवसभर ट्रकला कवटाळून होता आणि संध्याकाळी त्याच्या छातीवर ट्रकच्या बाजूचा आकडा उलटा उमटला होता. काम आटोपत आलं तेव्हा ओरिनबासार गाडीतून उतरले. मांसाच्या गरम समोशांची टोपली त्यांनी वाटली आणि नगरपालिकेचा फोटोवाला आला तेव्हा ते नेमके मध्ये होते. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. त्याखाली ‘ओरिनबासार आणि सहकारी’ असं छापलं होतं. सहकाऱ्यांतला मारलेन फोटोत होता, पण चाकामागे. नीट पाहिलं तर बूट ओळखू येत.

त्याने ते कात्रण कुणाला दाखवलं नाही. रौशनने दाखवलं, सगळ्यांना, बुटावर बोट ठेवून.

वसंत सरला, ट्रक उभा राहत गेला. चहाच्या गाळणीची जाळी रेडिएटरला लागली. रौशनच्या जुन्या कोटाची काचेची बटणं दिवे झाली. गिटारच्या तारेच्या नळ्या, फळांच्या खोक्याच्या फळ्यांचा हौदा, मारलेनच्याच एका पँटच्या कापडाची ताडपत्री. ती पँट त्याला अजून लागणार होती हे त्याला कापल्यावर कळलं. दार उघडत होतं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत होती. नळांच्या तोट्या समजणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं. एवढंच, की चाकं जागेवर वळत, धावत नसत. ती चिकटवलेली होती. हे शोकेसमध्ये ठेवायचं काम, पळवायचं कशाला?

स्टेपनीची जागा त्याने तूर्त मोकळी ठेवली. अंगणात शांतता राहावी म्हणून.

मग आला मळवायचा टप्पा. नवाकोरा चकचकीत ट्रक खेळण्यासारखा दिसतो. खरा दिसायचा तर त्याला धूळ हवी, कडांना गंज, टाकीवर तेलाचे ओघळ. मारलेनने रंगीत खडू खरवडले, घाटातली खरी माती आणून चाळली आणि बारीक ब्रशने एकेक ठिपका लावत पंधरवडा काढला. तिमोफेइचनी पाहिलं तेव्हा मडगार्डावर फुंकर मारून पाहिली आणि धूळ उडाली नाही म्हणून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मारलेन कचेरीत असताना बीबीजमाल आत्याबाई तपासणीला आल्या. मोठ्या भावाला द्यायची भेट, आणि तिच्यावर हा चिखल? त्यांनी रौशनला बाजारात पिटाळलं, बाह्या सरसावल्या, आणि गरम पाणी, साबण व दात घासायचा जुना ब्रश घेऊन पंधरवडा पाऊण तासात धुऊन काढला. वर थोडं लोणी चोळून चमकवलाही. मारलेन घरी आला तेव्हा ट्रक टेबलावर लग्नाच्या मोटारीसारखा झळकत होता आणि आत्याबाई शाबासकीची वाट बघत होत्या.

अशा वेळी माणसाने काय करावं, याचा मारलेनने उभ्या उभ्या विचार केला. मग त्याने आत्याबाईंचे आभार मानले, त्यांना टॅक्सीपर्यंत सोडलं, आणि परत येऊन न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं. बऱ्याच वेळाने रौशनने दारावर टकटक केली. “माती कुठे ठेवलीयस? चाळून देते,” ती बाहेरून म्हणाली. त्या रात्रीपासून टेबल परत कधी मिळणार, हे तिने विचारणं सोडलं. गंजाचे ठिपके निम्मे तिचे आहेत. तिचा हात जास्त हलका निघाला.

पण आत्याबाई जाता जाता टॅक्सीतून आणखी एक गोष्ट सांगून गेल्या होत्या. नवी गाडी म्हणजे नवं पाऊल. पोर पहिल्यांदा चालायला लागलं की त्याच्या पायांना दोरा बांधून तो कापतात, तुसाउकेसेर करतात. नव्या दुकानाचं करतात, पुस्तकाचंसुद्धा करतात. मग ट्रकचं नको? भर समारंभात पुढच्या चाकांना काळापांढरा दोरा बांधायचा, भाईजान स्वतः कापतील, आणि ट्रक चालत पुढे जाईल. त्यांनी सूत्रसंचालकाला, तमादाला, सांगूनही ठेवलं होतं.

आणि चाकं तर चिकटवलेली.

मारलेनने फोन करून समजावून पाहिलं, की हा बघायचा ट्रक आहे, चालायचा नाही. पलीकडे आत्याबाईंचा आवाज बारीक झाला. “अरे, दोरा कापल्यावर जे पाऊल उचलत नाही, त्याला काय म्हणतात माहितेय ना? ऐंशीव्या वर्षी भावासमोर असलं अशुभ मांडू मी?” समारंभाला चार दिवस असताना त्याने दात ओठ खाऊन चाकं उपटली. मागची बरी निघाली. पुढच्या आसाचे तुकडे झाले. नवा आस कशाचा करणार? रौशनने विणायची सुई पुढे केली. सुई सरळ होती, चकाकत होती, मापात किंचित बारीक होती. ते ‘किंचित’ मारलेनने डिंक आणि विश्वास यांनी भरून काढलं.

समारंभ गावातल्या मोठ्या हॉलमध्ये. घोडा बाहेर कठड्याला बांधलेला. काब्दोल्ला त्याच्याकडे गेले, दात पाहिले, मान थोपटली, “चांगला आहे,” म्हणाले आणि आत आले. ओरिनबासारना याहून थोडं जास्त अपेक्षित होतं, पण जितराबाला तेवढं पुरे.

मग तमादाने माइकवर मारलेनचं नाव घेतलं, तेही बरोबर. ट्रकवरचं फडकं निघालं. हॉलमध्ये सुस्कारा उमटला. चांगला की चिखलामुळे, ते कळायला मार्ग नव्हता. आत्याबाईंचा चेहरा सांगत होता, की हा परत मळवलाय. त्यांनी दोरा बांधला. काब्दोल्लांच्या हातात कात्री दिली. म्हाताऱ्यांनी दोरा कापला, आणि बोटाने हौद्याला हलकेच ढकललं.

ट्रक निघाला. लांबलचक टेबलावर, बाउरसाकांच्या ढिगांमधून, सुक्या मेव्याच्या ताटल्यांना वळसा घालून तो खरोखर निघाला. टाळ्या पडल्या. बायकांनी मिठाया उधळल्या. तिमोफेइच उभे राहिले. मारलेनला वाटलं, आपण श्वास घ्यायला हरकत नाही.

त्याच क्षणी पुढचं डावं चाक सुटलं. ते ट्रकच्या पुढे धावत गेलं, घोड्याच्या मांसाच्या ताटाला टेकून गिरकी खाल्ली आणि काब्दोल्लांच्या एका जुन्या मित्राच्या मांडीवर जाऊन पडलं. ट्रकने विणायच्या सुईवर गुडघा टेकला आणि नाक लोण्याच्या वाटीत खुपसलं.

ऐंशीव्या वाढदिवसाला इतकी शांतता शोभत नाही. आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. ओरिनबासार शेजाऱ्याला हळूच, पण हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले की घोड्याचा पाय असा निखळत नाही. मारलेन दाराजवळच होता. ही जागा कशासाठी असते ते त्याला आज कळलं. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

“चाक आण इकडे,” काब्दोल्ला म्हणाले.

चाक हातोहात त्यांच्याकडे गेलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, खाचांवरून अंगठा फिरवला. मग ट्रक लोण्यातून उचलून मांडीवर घेतला आणि नुसते बघत राहिले. रौशनने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती.

“पुढचं डावं,” म्हातारे म्हणाले. “डावंच निघालं होतं माझं.”

कुणाला काही कळेना.

“आल्टिन-एमेलच्या घाटात. उतार होता. मी गाडी चालवतोय, आणि बघतो तर पुढे रस्त्याने एक चाक एकटंच चाललंय. मी सार्जंटला म्हटलं, बघा साहेब, कुणाचं तरी चाक गेलं बिचाऱ्याचं. तो म्हणाला, कुणाचं ते आत्ता कळेल. आणि कळलं.”

आणि काब्दोल्ला हसले. फोटोतलं हसू, जसंच्या तसं. मधे साठ वर्षं गेली होती एवढंच. आधी त्यांचा तो जुना मित्र हसला, मग टेबल हसलं, मग हॉल. हशा ओसरायच्या आत म्हाताऱ्यांनी ट्रक उताणा केला, आणि सुरू झाले. हे दार असं लागायचं नाही, पट्ट्याने बांधावं लागायचं. हा आरसा नव्हताच, तो दुसऱ्याच दिवशी फुटला होता. गंज चांगला जमलाय, पण टाकीपाशी कमी आहे, टाकी गळायची. मडगार्डाला इथे पोचा हवा, इथे, ही गाढव धडकल्याची जागा. मारलेनने हॉलभर अंतरावरून विचारलं, “आणि स्टेपनी, अता? मागे की खाली?”

तिमोफेइच आणि नुरपेइस दोघांनी माना पुढे काढल्या.

“स्टेपनी?” काब्दोल्ला म्हणाले. “मला ती कधी मिळालीच नाही. म्हणून तर त्या चाकामागे घाटभर पळालो.” मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी दाराकडे पाहिलं. “तू तिथून काय विचारतोयस? इकडे ये. बस. सुईऐवजी सायकलच्या चाकाची तार घाल, ती बसेल. चिमटा आणलायस?”

चिमटा कोटाच्या खिशात होता. मारलेन पाहुण्यांचे पाय ओलांडत वरच्या बाजूला गेला. ओरिनबासारना थोडं सरकावं लागलं. सासरे आणि जावई दोघांनी ट्रकवर डोकी खाली घातली, आणि रौशनने त्यांच्या मधलं ताट बाजूला उचललं.

स्वयंपाकघरातून मांसाच्या वाफाळत्या पराती निघाल्या होत्या. तमादा माइक घेऊन जवळ आला. पाहुणे खोळंबलेत, मान्यवरांनी दोन शब्द बोलावेत, असं त्याने अदबीने सुचवलं.

काब्दोल्लांनी मान वर केली नाही. “थांब रे जरा,” ते म्हणाले. “आम्ही कामात आहोत. मारलेन, नीट धर.”

मारलेनने नीट धरलं.